तेविसावं नाव

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मोरजकरांच्या चाळीच्या चौकात आमदार कुशाबा उभा राहायचा आणि महिनाभरात कौन्सिलात काय झालं ते लोकांना सांगायचा. निवडणुकीत त्याने तसा शब्दच दिला होता. दुसऱ्या कुणी दिला असता तर गुलाल धुतला जाण्याआधीच विसरला असता; पण कुशाबा पडला गिरणीतला साचेवाला, आणि लग्नाआधी सहा वर्षं शेवंतीकाकीच्या खानावळीत जेवलेला. शब्द मोडला तर काकी भर चौकात कान पिळेल, ही धास्ती त्याला मंत्र्यांपेक्षा जास्त होती.

अठ्ठावन्न सालच्या मार्चातल्या त्या रविवारी शेवंती तांदूळ निवडत जिन्याच्या पायरीवर बसली होती. कान कुशाबाकडे आणि डोळा पहिल्या मजल्याच्या गॅलरीकडे. तिथे तिची धाकटी सून नलू कठड्याला टेकून उभी होती. आठवा संपत आलेला, पाय सुजून खांबासारखे झालेले. मागच्या खेपेला घरातच बाळंतपण केलं आणि मूल हाती लागलं नाही. सुईण कपाळाला हात लावून गेली, तशी शेवंतीने देवासमोर शपथ घेतली होती की पुढच्या खेपेला हे काम जाणत्या माणसाच्या हातातच द्यायचं. जाणतं माणूस म्हणजे मागच्या गल्लीतल्या सरकारी प्रसूतिकेंद्राच्या पद्मजाबाई. तारीख एप्रिलातली होती.

आणि कुशाबा सांगत होता, की ते केंद्र एकतीस मार्चला बंद होणार.

"काटकसर म्हणे!" तो फळ्यावर खडू आपटत म्हणाला. "गुजरात-महाराष्ट्राच्या द्विभाषिक राज्याचा गाडा ओढायला ह्यांच्याकडे मोटारी आहेत, बंगले आहेत. कात्री लावायची तर कुठे? गिरणगावातल्या आठ खाटांना! मी सभागृहात प्रश्न विचारला. उत्तर काय आलं, ऐका. 'सदर केंद्राचा स्थानिक वस्तीला उपयोग होत नाही. तेथे दाखल झालेल्या त्रेचाळीसही स्त्रिया बाहेरगावच्या आहेत.' बाहेरगावच्या!"

चौकात एकच गलका झाला. सरकारला चार शिव्या हासडल्याशिवाय त्या वर्षी लालबागमध्ये कुणाला घास जात नव्हता. पण शेवंतीचे हात तांदळात थांबले. गॅलरीतल्या बायका एकदम गप्प झाल्या होत्या, आणि गिरणगावातल्या बायका गप्प होतात तेव्हा काहीतरी शिजत असतं.

कुशाबाने दुसरा कागद काढला. कुणाची अडचण होऊ नये म्हणून त्याने सोयींची यादी करून आणली होती. मोठं इस्पितळ, पण तिथे नाव आधीच घालायला हवं. शिवडीला एक सुईण, गोदीच्या रस्त्याला. प्रभादेवीला एक धर्मादाय दवाखाना, फक्त मंगळवारी.

"मंगळवारी?" शेवंती सूप बाजूला ठेवून उभी राहिली. "अरे कुशाबा, पोर काय मंगळवार बघून जल्माक येता? माझ्या सुनेन सोमवारी कळा दिल्यान तर मी काय करू, पोटाक सांगू थांब म्हणून?"

लोक हसले. कुशाबा हसला नाही. "काकी, मी तरी काय करू? नोंदवही त्यांच्या हातात आहे. आपल्या एकाही बाईचं नाव त्यात नाही. बघ की!" त्याने तिसरा कागद फडकवला. "उत्तरासोबत यादीच जोडलीय. गंगू, मुक्काम चिंदर. भागीरथी, मुक्काम साटेली. द्वारका, मुक्काम कुणकेश्वर. कोण ह्या? ह्यातली एक तरी कधी लालबागला दिसलीय? सगळी खोटी भरताड!"

शेवंतीने आपल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. गंगू, मुक्काम चिंदर ही तिच्या खोलीत आत्ता मासे साफ करत बसली होती. तिची थोरली सून, मालन. लग्नात मुलीचं नाव बदलतात. माहेरची गंगू सासरी मालन झाली, आणि गंगू हे नाव गावच्या विहिरीवरच राहिलं. म्हणून तर ते खोटं सांगायला इतकं सोपं गेलं.

कारण सत्तावन्नच्या जानेवारीत केंद्राचं उद्घाटन झालं ते द्विभाषिकाच्या मंत्र्याच्या हातून. फ्लोरा फाउंटनला गोळ्या घालून आपली माणसं पाडणाऱ्या सरकारची भीक आपल्याला नको, असं ठरलं. कुशाबा तेव्हा आमदार नव्हता, पण ठराव त्यानेच मांडला: जी बाई त्या दाराने आत जाईल, तिच्या घरी चाळ हळदीकुंकवाला जाणार नाही. आणि दाराशी पहाऱ्याला पहिली उभी कोण राहिली? शेवंती. मंत्र्याच्या नावाच्या संगमरवरी पाटीवर शेणाचा पहिला गोळा बसला तो तिच्याच हातचा. नेम चांगला होता, तिला त्याचा अभिमानही होता.

पुढे ऑगस्टात मालन दोन दिवस अडली. तेव्हा हाच अभिमान गिळून शेवंतीने तिला भर दुपारी, गल्लीतले पुरुष पाळीला गेलेले असताना, कोळशाच्या वखारीच्या बोळातून मागच्या दाराने आत नेलं. पद्मजाबाईंनी नाव विचारलं. शेवंतीने माहेरचं सांगितलं. बाईंनी एकदा तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि सांगितलं तसं लिहून घेतलं. मूल सुखरूप झालं. आजवर शेवंतीला वाटत होतं, हे पाप आपलं एकटीचंच. आता तिने गॅलरीत पाहिलं. खाली घातलेल्या माना तिने मोजल्या नाहीत, पण त्या पुष्कळ होत्या.

म्हणजे त्या मागच्या दाराने सगळी चाळच आत गेली होती, आणि पुढच्या दाराशी सगळी चाळच पहारा देत होती! स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यावा तर आमच्यासारखा, असं तिला वाटलं आणि तिचा संताप तळपायापासून मस्तकात गेला.

"गंगू खोटी नाय," ती म्हणाली. "गंगू माझी मालन. मीच तिका मागच्या दारान नेलंय. माझा नातू थंयच झालो."

मग गुणाजी म्हणून एक रिंग खात्यातला कामगार होता, नुसता तोंडाने तिखट, तो ओरडला, "वा काकी! आम्ही लाठ्या खायच्या आणि तुम्ही सरकारच्या खाटेवर लोळायचं? ही गद्दारी झाली!"

"लोळायचा?" शेवंती त्याच्यावर अशी चालून गेली की तो दोन पावलं मागे सरला. "गुणाजी, तू एकदा लोळून बघ त्या खाटेवर! लाठी पाठीर बसता, वळ चार दिवसांनी उतरता. अडलेली बाय सुटली नाय तर मरता! आणि ती खाट सरकारची कशी रे? मंत्र्यान घरून आणल्यान? तुझ्या-माझ्या घामाची खाट ती. आपल्याच वस्तूक आपण शेण मारलंव, आणि आता ते सांगतत, तुमका नको होती ना, मग नेतंव!"

गुणाजीचं तोंड मिटलं. कुशाबाचं मात्र उघडलं. तो शेवटी पुढारीच. "काकी, चाळीचा ठराव होता. शिस्त म्हणून काही..."

"अहो."

आवाज गॅलरीतून आला. कुशाबाची बायको सुनंदा, कडेवर तीनेक महिन्यांचा मुलगा. चारचौघांत नवऱ्यापुढे ती कधी बोलत नसे. आदल्या रात्री त्याचे कागद तिनेच नीट लावून ठेवले होते.

"अहो, तेविसावं नाव वाचा."

पहिल्या चार-दोन नावांपुढे कुशाबाने यादी वाचलीच नव्हती. त्याने बोट फिरवलं. बोट थांबलं. तो वाचेना.

"वाचा की," सुनंदा म्हणाली.

"यमुना," कुशाबा अगदी हळू म्हणाला. "यमुना दत्ताराम, मुक्काम आरोंदा."

दत्ताराम म्हणजे शिवडीच्या गोदामातला मुकादम, आमदाराचा सासरा, हे चौकातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. नोव्हेंबरात कुशाबा पंतप्रधानांना काळे झेंडे दाखवायला प्रतापगडाला गेला होता. परत आला तेव्हा बायको शिवडीला माहेरी, मांडीवर मुलगा. रीतीप्रमाणे माहेरी बाळंतपण झालं, असं तो धरून चालला. बारशाला त्यानेच पेढे वाटले होते.

"तुम्ही गडावर होतात," सुनंदा म्हणाली. "ह्याच्या गळ्याभोवती नाळ होती. पद्मजाबाईंनी सोडवली. तुमचा ठराव मोडला मी. हवं तर माझ्याकडे येऊ नका कुणी हळदीकुंकवाला."

कुशाबाने यादीची घडी घातली, उलगडली, परत घातली. शेवंतीला त्याची दया आली, पण फार नाही. ताटावर बसलेल्या पोराला दटावावं तसं ती म्हणाली, "तोंड कित्याक पाडतंस? फळो पूस. चूक झाली ती लिव. तुझी, माझी, सगळ्यांची. मग उद्या बायांची खरी नावां घेऊन तुझ्या कौन्सिलात जा."

कुशाबाने सोयींची यादी फाडली. फळा पुसला आणि चांगल्या मोठ्या अक्षरात लिहिलं: बहिष्काराचा ठराव मी मांडला होता. तो चुकला. केंद्र आपलं आहे.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्रेचाळीस बायका केंद्रावर गेल्या. दोघी गावी होत्या, त्यांच्या सासवा आल्या. पद्मजाबाईंनी जुन्या नावांवर काट मारली नाही. शेजारी सासरचं नाव आणि खोली नंबर लिहिला, समोर अंगठा किंवा सही. तो कागद घेऊन कुशाबा सभागृहात उभा राहिला आणि तेविसावं नाव त्याने सगळ्यात आधी वाचलं. सरकारी बाकांवरून हशा झाला म्हणतात. होऊ दे. आमच्या बायकांच्या जिवावर हसणाऱ्यांना लाज नव्हतीच, ती एका दिवसात कुठून यावी? पण पेपरात छापून आलं, आणि हुकूम सहा महिने पुढे ढकलला गेला. रद्द नाही, ढकलला. सरकारचं मन इतकंच मोठं.

एप्रिलातल्या एका सकाळी नलूला कळा सुरू झाल्या. सोमवारच होता. मालन सवयीने वखारीच्या बोळाकडे वळली, तशी शेवंतीने तिचा दंड धरला. "थंयसून नाय."

नलूला दोन्ही बाजूंनी धरून त्या गल्लीच्या मधोमध चालल्या. दारावर मंत्र्याची पाटी होती. एका कोपऱ्यात शेणाचा जुना डाग अजून होता. शेवंतीने वर पाहिलं आणि खालून आत गेली.

दुपारी मुलगी झाली. पद्मजाबाईंनी हात धुतले आणि वही उघडली.

"नाव?"

"नलू. सासरचा नाव. ठळक लिवा."

"पत्ता?"

"मोरजकरांची चाळ, पहिलो माळो, खोली अकरा. लालबाग, मुंबई."

"राज्य?"

"महाराष्ट्र."

पद्मजाबाईंची लेखणी थांबली. "मावशी, तसं राज्य अजून झालेलं नाही."

शेवंतीने फडक्यात गुंडाळलेली नात छातीशी धरली. "आमका बाहेरगावच्या ठरवूक तुमचा राज्य होता ना? मग ही पोरगी चालूक लागापर्यंत आमचाय राज्य होतला. लिवा तुम्ही."

पद्मजाबाईंनी एकदा तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि सांगितलं तसं लिहून घेतलं.