याच्यापुढचं टाकू नये

तळहातावर स्क्रू होता, काळा, करंगळीच्या नखाएवढा, आणि फोन वाजत होता. अकरा महिन्यांपूर्वीची ती सकाळ लवूला स्क्रूपासूनच आठवते. त्याची बायको माणिक पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी मुलुंडला दाखल झालेली, आणि जाताना त्याला बजावून गेलेली... मी येईपर्यंत कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड काढून त्याचा पंखा साफ करून ठेवा, फार घरघरतो. त्याने कार्ड काढलं, ब्रशने धूळ झटकली, फोन उचलला. पलीकडे मुलगी, गंधाली. "बाबा, आई..." एवढंच. त्याने स्क्रू शर्टाच्या खिशात टाकला. बस डेपोच्या वर्कशॉपातली पस्तीस वर्षांची सवय, काढलेला स्क्रू खाली ठेवायचा नाही. आणि निघाला. पहाटे तिचं हृदय थांबलं हे तिथे पोचल्यावर सांगितलं त्यांनी, पण त्याला ते घरातच कळलं होतं.

आज तोच स्क्रू त्याने परत पिळला. कार्ड खाचेत बसताना कट् असा आवाज झाला आणि त्याला एकदम हुशारी आली... कॅबिनेटचं झाकण भिंतीला टेकवून तो खुर्ची ओढून बसला.

भांडुपच्या या घरातलं स्वयंपाकघर गेल्या आठवड्यात फोडून झालं, गॅस सध्या टेबलावर आहे. माणिक बारा वर्षं याच कॉम्प्युटरवर एका दुकानासाठी लोकांची स्वयंपाकघरं काढायची, पडद्यावर आत शिरून फिरता येईल अशी. आणि शेवटी शेवटी तिने स्वतःचंही काढलं होतं. "झालं की दाखवते, आत्ता लुडबुडू नका." कार्डाशिवाय ते उघडायचं नाही, नुसता काळा चौकोन. आणि आज चार वाजता अंबादास मिस्त्रीला ओट्याची उंची सांगायची होती, तो उभे कडाप्पे कापायला टाकणार होता.

लवूने एकोणतीस इंच ठरवले होते. गिऱ्हाइकाकडे गेली की माणिक बाईला उभी करायची, हात कोपरात दुमडायला लावायची आणि बाईच्याच वितीने कोपराखाली एक वीत मोजायची – तिथे ओटा. तिचा स्वतःचा यायचा एकोणतीस. घरातला जुना ओटा चौतीस होता, म्हणून लवूने बसच्या जुन्या फळ्यांचा पाच इंच उंच पाट करून दिला होता, त्यावर ती तीस वर्षं उभी राहिली. नवा ओटा तरी तिच्या उंचीचा व्हावा. सकाळी गंधालीने बोरिवलीहून फोन केला तो याच्यावरच.

"बाबा, तू पाच फूट आठ इंच आहेस रे. एकोणतीसवर वाकून पाठीची वाट लागेल. चौतीस स्टँडर्ड आहे, सांगून टाक ना."

"आईच्या नकाशात असेल तो करायचा. एकोणतीसच असणार."

"त्या धुडावर उघडणारे का ते? काढून टाक म्हटलं तर..."

"उघडणार."

म्हणाला खरा. पण कार्ड बसलं तरी चौकोन काळाच, मशीन कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, मागत होतं. कार्डाच्या कंपनीच्या साइटवरून त्याने सगळ्यात नवा ड्रायव्हर उतरवायला घेतला – नवा तो चांगला, आणखी काय – आणि हिरवी पट्टी सरकायला लागल्यावर तिच्यासमोर गुडघे हलवत बसला. शंभर टक्के. मग पाटी आली: हे कार्ड या ड्रायव्हरला चालत नाही. दुसरा उतरवला. तेच. अडीच वाजले. पायाखाली आलेली वायर सोडवायला त्याने भिंतीला टेकवलेलं झाकण उचललं, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला, मार्करने, तिचं उभट अक्षर... ड्रायव्हरचा आकडा, आणि खाली: याच्यापुढचं टाकू नये. मा.

तो मोठ्याने हसला. रिकाम्या घरात आपण एवढ्या मोठ्याने हसलो हे त्याला जरा उशिरा कळलं. म्हणजे तिच्यावरही ही वेळ आली होती, तीही दोनदा चुकून तिसऱ्यांदा शहाणी झाली होती, आणि झाकणावर लिहून ठेवलं होतं – कुणासाठी? मशीन तर मीच उघडतो. माझ्याशिवाय ते वाचणार कोण?

जुन्या ड्रायव्हरांच्या यादीत तो आकडा खाली, पार खाली सापडला. उतरवला. चालवला. पडदा काळा झाला. गेलं सगळं – आणि मग पडदा परत आला, लख्ख, अक्षरं बारीक आणि कातीव, जणू चष्मा पुसला. पंखा फिरत होता. घरघर नव्हती.

फाइल उघडली. तो दारातून आत गेला. पिवळसर टाइल्स, खिडकी जिथे आहे तिथेच, डब्यांचा खण तिच्या हाताला येईल इतका खाली. बाणाने तो पुढे पुढे जात राहिला, मान पुढे काढून, तोंड उघडं. ओट्यावर टिचकी मारली. चौतीस.

चौतीस. दुकानाचं स्टँडर्ड, आपोआप आलं असेल... तिचं स्वतःचं माप टाकायचं राहून गेलं असेल. तो मागे टेकला. मग त्याला ओट्यासमोर जमिनीवर तपकिरी चौकोन दिसला. चुकून पडलेला वाटला. टिचकी मारली. उंची पाच इंच. नाव तिने मराठीत दिलं होतं: पाट.

तो उठून खरोखरचा पाट घेऊन आला. तो बाजूला ठेवून भिंतीजवळ चपला काढून जमिनीवर उभा राहिला, हात दुमडला, आपल्या वितीने खाली मोजलं, पेन्सिलीची रेघ मारली, टेप लावली. चौतीस. माझा. रिटायर झालो की डाळ मी करणार, असं मी म्हटलं होतं, दोन वर्षांपूर्वी, सगळ्यांसमोर. सगळे हसले होते, तीही. आणि तिने ते धरून ओटा माझ्या उंचीचा काढला, आणि स्वतःसाठी पाट ठेवला... म्हणजे तिला जाण्याची काही चाहूल नव्हती. आम्ही दोघं तिथे उभे राहणार होतो.

फोन वाजला. पावणेचार. अंबादास.

"काका, येऊ ना? एकोणतीस फायनल?"

"चौतीस."

"अहो, परवा भांडलात की माझ्याशी एकोणतीससाठी!"

"परवा ड्रायव्हर नव्हता."

"कुठला ड्रायव्हर?"

"तू ये. दाखवतो."

फोन हातात तसाच. पडद्यावर तिचं स्वयंपाकघर उजळलेलं, पायाशी पाट. डाळ मी अजून एकदाही केलेली नाही.