खुला गट

हेल्मी कांगासने धनुष्य स्थिर ठेवणारा पुढचा आखूड दांडा फिरवून काढला आणि काउंटरवर ठेवला.

"हा काढला. आता लांब दे."

रॉय ट्रेझोनाने आधी दांड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिच्या लोकरी टोपीवरचा बर्फ अजून वितळायचा होता.

"लांब म्हणजे केवढा?"

"त्या डुएनचा आहे तेवढा."

कोपऱ्यातल्या बाकावर डुएन साल्मी मांडीवर कागद पसरून खिमा-बटाटा भरलेली पास्टी खात होता. ओंडके वाहणारा ट्रक चालवणारा हा धिप्पाड माणूस जेवायच्या सुट्टीत रोज रॉयच्या दुकानात येऊन बसे. दुकानाच्या मागेच तिरंदाजी क्लबचं बंदिस्त मैदान होतं आणि क्लबचा हिशेब, नोंदी, स्पर्धा सगळं रॉयच बघत असे. आपलं नाव ऐकून डुएनने चावणं थांबवलं.

"मिसेस कांगास," रॉय जपून म्हणाला, "शनिवारी कपाची स्पर्धा आहे. हा लावलात तर तुमच्या गटात चालणार नाही."

"माहीत आहे."

शिकारी गटात फूटभरापेक्षा लांब दांडा चालत नसे. नेम धरायच्या साइटला भिंगही चालत नसे. दोन्ही लावायचं तर खुला गट. तिथे वय कोणी विचारत नसे, बाई की पुरुष हेही नाही. गावातले सगळे तरबेज तिथेच असत.

"शिकारी गटातला ज्येष्ठ महिलांचा कप तुमचाच असतो," रॉय म्हणाला.

"ते तर त्याहून जास्त माहीत आहे. आणि भिंगही दाखव."

डुएनला हसू आवरेना. "मिसेस कांगास, खुल्या गटात आम्ही लोकांना रडवतो हं."

"पहिलीत असताना तू माझ्या बसमध्ये रोज रडायचास. मला सवय आहे."

गावातली निम्मी पन्नाशीची माणसं हेल्मीच्या पिवळ्या शाळेच्या बसमध्ये बसून वाढली होती. ती निवृत्त होऊन किती वर्षं झाली तरी तिला नुसतं हेल्मी म्हणायची कोणाची जीभ रेटत नसे. डुएनने मान खाली घातली आणि पास्टीचा पुढचा घास घेतला.

रॉयने मागच्या कपाटातून लांब दांडा काढला, पण हातातच धरून ठेवला.

"याच्या टोकाला वजनं लावावी लागतात. तुमचा खांदा..."

"पॉवर स्टिअरिंग नसलेली बस या खांद्याने डोंगरावर नेली आहे. त्यात तूही होतास. मागच्या सीटवर ओकत होतास."

दांडा काउंटरवर आला. मग भिंगांची डबी.

"सगळ्यात मोठं दाखवणारं दे."

"ते नको." इथे मात्र रॉय अडून बसला. "लक्ष्य जेवढं मोठं दिसतं, तेवढा आपला हातही हलताना मोठा दिसतो. माणूस बिचकतो आणि बाण नको तेव्हा सुटतो. मधलं घ्या."

"तू कुठलं वापरतोस?"

"मधलंच."

"मला म्हातारी समजून देत नाहीस ना?"

"नाही."

तिने क्षणभर त्याच्याकडे रोखून पाहिलं. "बरं. मधलं."

रॉय भिंग साइटमध्ये बसवायला लागला. छोटा स्क्रू त्याच्या बोटांतून दोनदा निसटला. बाई हट्टाने काहीतरी गमावून बसणार, आणि तेही आपल्याच हातून, हे त्याच्या मनातून जाईना.

"निदान या वर्षी राहू द्या," तो स्क्रूकडे बघत म्हणाला. "सराव करा. पुढच्या वर्षी बघू."

"रॉय, शनिवारी माझ्या गटात किती नावं आहेत?"

"अजून दोन दिवस आहेत. कोणीतरी..."

"रॉय."

"एक."

"मागच्या वर्षी?"

रॉयने स्क्रू आणखी घट्ट आवळला.

"आमच्या गटातली लेम्पी अरिझोनाला लेकीकडे जाऊन राहिली," हेल्मी म्हणाली. "उन्हात बसते आणि मला संत्र्यांचे फोटो पाठवते. आयरीनचा हात वर होत नाही. मागच्या वर्षी माझा एक बाण कागद सोडून भिंतीत गेला. आठवतं? तरी तू कप दिलास. आणि तुम्ही सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या."

"मनापासून वाजवल्या."

"तेच तर."

डुएनने उरलेली पास्टी कागदात गुंडाळली.

रॉय उठला आणि वजनांचा डबा घेऊन आला. त्यानंतर तो बोलला ते फक्त कामाचं. तिला घेऊन तो मागे गेला, अगदी जवळच्या, कागद न लावलेल्या गवताच्या गठ्ठ्यासमोर उभं केलं आणि बाजूला सरून दांड्याच्या टोकाकडे पाहत राहिला. तिने बाण लावून दोरी ओढली. टोक हवेत गोल गोल फिरत होतं. त्याने एक वजन वाढवलं. टोक खाली झुकायला लागलं. मग त्याने मागच्या बाजूला एक आखूड दांडा तिरका बसवला, त्यालाही वजन लावलं आणि म्हणाला, "आता."

तिने दोरी ओढली. टोक थोडं हललं आणि थांबलं. ते इतकं स्थिर राहिलं, की रॉयने नकळत आपलाच श्वास धरून ठेवला. बाण गठ्ठ्यात धप्पकन शिरला.

दारातून डुएनचा आवाज आला, "आमच्याकडे दयामाया नसते, मिसेस कांगास."

"तेवढ्यासाठीच येते आहे."

शनिवारी रॉयने स्वतः चिठ्ठ्या काढल्या. हेल्मी आणि डुएन एकाच लक्ष्यावर आले. दुपारभर दोघं शेजारी उभे होते. डुएनला त्या दिवशी सूर सापडत नव्हता. प्रत्येक फेरीनंतर तो साइटचा स्क्रू फिरवी आणि पुन्हा होता तिथे आणी. हेल्मी हळूहळू दमत गेली. शेवटच्या फेऱ्यांत तिने दोनदा ओढलेली दोरी बाण न सोडता सैल केली, धनुष्य खाली घेतलं, श्वास घेतला आणि पुन्हा उचललं. बाकीच्यांचे बाण सोडून झाले होते. मागे माणसं थांबून राहिली होती. घड्याळाकडे एकदा बघून ती परत दोरीला भिडली आणि शेवटचा बाण गेला.

सगळे कागदांपाशी गेले. पहिला आणि दुसरा कोण हे सगळ्यांना आधीच कळलं होतं. रॉय गुणांचा तक्ता घेऊन हेल्मीच्या लक्ष्यापाशी आला. तिचा शेवटचा बाण पाच गुणांच्या पांढऱ्या आणि चार गुणांच्या निळ्यामधल्या रेषेपाशी होता. त्याने वाकून पाहिलं.

"रेषेला लागलाय. पाच." त्याने बेरीज केली, पुन्हा एकदा केली. शेवटून पहिला डुएन. त्याच्या वर, एका गुणाने, हेल्मी. रॉयला हसू फुटत होतं, ते त्याने ओठांत दाबलं. "झालं. बाण काढा."

"थांब," डुएन म्हणाला. "त्या बाणाला हात लावायचा नाही. लागलेला नाही तो. चार आहेत."

"डुएन, अरे..." रॉयने आवाज खाली आणला. "शेवटच्या नंबराचं भांडण ते. जाऊ दे ना."

"का जाऊ दे? भिंग आण."

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. कोणीतरी हळूच म्हणालं, "साल्मी, लाज वाटू दे." रॉयचा चेहरा तापला, तो आता डुएनला चांगलंच सुनावणार होता, तेवढ्यात हेल्मीने त्याच्या बाहीला धरलं.

"तू मध्ये पडू नकोस. त्याला भिंग दे."

डुएनने भिंग घेतलं, एक गुडघा जमिनीला टेकला आणि नाक कागदाला लागेल इतका पुढे झुकला. त्याच्या कपाळाची शीर टरारली होती.

"नीट बघ," ती म्हणाली. "घाई करू नकोस."

मग तिने स्वेटर खाली ओढून सारखा केला, आणि फोटो काढून घ्यायला उभं राहावं तशी ताठ उभी राहिली.