चौकटीतली मावशी

कॉलेजनं वर्गांना कुलूप लावलं आणि शिकवणं फोनवर आणलं, तेव्हा पोरांनी आधी आकाशपाताळ एक केलं. मग हळूहळू सगळी गप्प झाली, कारण त्यांना पळवाट सापडली. प्रत्येकानं मान हलवत, मधूनच लिहिल्यासारखं करत स्वतःचं थोडं चित्रण करून घेतलं आणि तेच वर्गात पुन्हा पुन्हा फिरत ठेवलं. सरांना फोनवरच्या सगळ्या चौकटी भरलेल्या दिसायच्या आणि पोरं खुशाल लोळत पडायची.

मावशी त्या वर्गातली सगळ्यात मोठी. वय पन्नाशीकडे झुकलेलं, काम शिलाईच्या कारखान्यात कोटांना काज करण्याचं. पदवी मिळवल्याशिवाय डोळे मिटायचे नाहीत, असं तिनं मनाशी धरलेलं. मशीनशेजारी फोन उभा करून ती इमानानं ऐकायची. पण कामाची घाई वाढली, मुकादम खेकसायला लागला आणि तिचा नाइलाज झाला.

"आई, सगळे तेच करतात गं," लेक फोनचा कॅमेरा तिच्याकडे धरत म्हणाली. "बस इथं भिंतीपाशी. मान हलव. आणि जरा हस की, दात काढायला आल्यासारखी काय बसलीस!"

मध्येच मावशीनं कान खाजवला. लेकीला हसू आवरेना. "राहू दे, अगदी खरं वाटेल."

त्यानंतर मावशी निवांत काज करू लागली. काही आठवड्यांनी वर्गातल्या चष्मिसचा फोन आला.

"मावशी, काय उत्तर दिलंत हो आज! सर बघतच राहिले."

"थट्टा करतेस का म्हातारीची?"

"थट्टा कसली? आमची चित्रं नुसती माना डोलावतात. तुमचं बोलतं. कसं केलंत, आम्हालाही सांगा ना."

दुसऱ्या दिवशी मावशीनं मशीन थांबवून फोन समोर धरला. चौकटीतली बाई कान खाजवत नव्हती. खाली वाकून भराभर लिहीत होती. मावशीनं अजून उघडलंही नव्हतं ते जाड पुस्तक तिच्यापुढे पसरलेलं. सरांनी प्रश्न विचारला. बाईनं मान वर केली आणि मावशीच्याच आवाजात, कुठंही न अडखळता उत्तर दिलं. मग ती सरळ मावशीकडे बघून हसली. लेकीनं सांगितलं होतं तसं.

घरी येऊन मावशीनं चित्रण पुसून टाकलं. लेकीनंही फोन उलटासुलटा तपासला. "गेलं बघ आई, नावनिशाणी नाही." तरी दुसऱ्या दिवशी वर्गात ती बाई हजर होतीच.

तोंडी परीक्षा सुट्टीच्या दिवशी दुपारी, सगळ्या वर्गासमोर होती. नापास झाली तर पुन्हा संधी नव्हती. लेक स्वयंपाकघरात भांडी घासत होती. मावशी केस विंचरून फोनपुढे बसली. शेजारच्या चौकटीत ती बाई आधीच बसलेली.

सर गोंधळले. "मावशी, तुम्ही दोनदा कशा? यातली खरी कोण?"

"मी, सर!" मावशी ओरडली. "ती नुसतं चित्र आहे."



"बरं, एकच विचारतो," सर म्हणाले. "या वयात शिकायला का आलात?"

बाई शांतपणे म्हणाली, "कामावर सगळे माझ्या हातांशी बोलतात, सर. एकदा तरी कुणी तोंडाकडे बघून बोलावं, असं वाटायचं."

हे मावशीनं कुणालाच सांगितलं नव्हतं, पोटच्या पोरीलाही नाही. तिची पाळी आली तेव्हा दुसरं काही सुचेना. तिनं तेच शब्द उच्चारले आणि ते तिच्याच कानाला उसने वाटले.

सरांनी वर्गाला विचारलं, "इतके दिवस तुमच्याबरोबर कोण बसलं?"

सगळ्या चौकटींतली बोटं एकदम एकीकडे वळली. चष्मिसचंही. पोरीला खोटं तरी कसं म्हणावं? वर्गात बसली होती ती बाईच.

"माफ करा," सर मावशीला म्हणाले. "वर्गात नसलेल्यांनी बाहेर जावं."

फोन काळा झाला.

स्वयंपाकघरात लेकीचा फोन वाजला. "आई! पास? पहिली? अगं, कुठवर आलीस? ये लवकर!"

"मी इथं आहे गं," मावशी म्हणाली. लेक फोनवरच बोलत राहिली. जिन्यावर पावलं वाजू लागली. मावशी धडपडत उठली, दाराला आतून कडी घातली आणि पाठ लावून उभी राहिली.

लेक ओले हात पुसत बाहेर आली. तिनं मावशीकडे पाहिलं, जरा बिचकली, पण बोलली नीट, आदबीनं.

"अहो, बाजूला होता का जरा? आई आलीय माझी."