विषय : पोहोचले

बारकीने जेवणाच्या टेबलावरची मिठाची बाटली आणि औषधांचा डबा बाजूला सारला, लॅपटॉप उघडला आणि जुनी डिस्क त्याला जोडली. डिस्कने आत काहीतरी खरवडल्यासारखा आवाज केला, मग तिचा दिवा लागला. इतकी वर्षं कपाटात चादरींखाली पडून राहिलेली वस्तू पहिल्या झटक्यात चालू झाली, हेच खूप झालं.

बारकी म्हणजे घरातली सगळ्यात उंच व्यक्ती. चाळिशी ओलांडलेली, दूरच्या शहरात एका जहाज कंपनीचे सर्व्हर सांभाळणारी, हाताखाली माणसं असलेली. पण लहानपणी एकदा नाव पडलं ते पडलं. आईच्या ऑपरेशनसाठी ती रजा टाकून आली होती आणि आल्यापासून दारांच्या चौकटींना डोकं आपटून घेत होती.

"सापडेल ना गं?" आईने विचारलं. ती सोफ्यावर हॉस्पिटलची बॅग भरत होती. म्हणजे भरलेली बॅग रिकामी करून पुन्हा भरत होती.

"सापडेल. तू बस शांत."

"मी शांतच आहे. तूच पाय हलवतेयस."

बारकीने पाय हलवायचा थांबवला.

सकाळी भूलतज्ज्ञ बाईंनी आईला तपासलं होतं. पित्ताशयातले खडे काढायचे होते, रोजचंच ऑपरेशन, उद्या दुपारी. बाई कागदावर भराभर खुणा करत होत्या. याआधी कधी भूल दिली होती का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा आई सहज म्हणाली, "हो, मनगटाचं हाड मोडलं होतं तेव्हा. एक इंजेक्शन मला सोसलं नाही. श्वास लवकर परत येईना म्हणे. त्याचं नाव लिहून दिलं होतं, पुन्हा घ्यायचं नाही म्हणून."

बारकीने हे आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं. तिने आईकडे पाहिलं. आई भिंतीवरचा मूत्रपिंडाचा तक्ता वाचण्यात गढून गेली होती.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "नाव कळलं तर काहीच अडचण नाही, दुसरं औषध देता येतं. नाही कळलं तर मी हात लावणार नाही. रक्ताच्या तपासण्या करायच्या, नमुने बाहेर पाठवायचे, रिपोर्टची वाट बघायची. आणि तोवर तुमचे खडे गप्प बसतील असं मला वाटत नाही. संध्याकाळपर्यंत कळवा."

ज्या दवाखान्यात ते मनगट बसवलं होतं तिथे आता फर्निचरचं दुकान होतं. डॉक्टर केव्हाच गेले होते. चिठ्ठी घराला रंग लावताना कधीतरी रद्दीत गेली होती. उरले बाबा. बाबा आयुष्यभर शाळेत खेळ शिकवत होते आणि त्यांना सगळं पक्कं आठवायचं. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर त्यांनी एक नाव सांगितलं, टॅक्सीत दुसरं, आणि घरी येऊन कुलूप उघडताना तिसरं. तिसरं त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांत घालायच्या थेंबांचं निघालं.

"अगं, तुला लिहिलं होतं की मी तेव्हाच," आई म्हणाली होती, चपला काढता काढता.

म्हणून ही डिस्क. बारकीचा पहिला मेलचा पत्ता ज्या कंपनीचा होता, ती कंपनी बंद पडली. पडण्याआधी बारकीने सगळे मेल उतरवून डिस्कवर ठेवले होते. एका मेलची एक फाईल, आणि अशा फाईलींचा नुसता ढीग. ऑफिसात असल्या ढिगातून हवं ते शोधायला ती एक साधन वापरायची. ते सगळे मेल एकदा वाचून काढतं आणि कुठला शब्द कुठल्या मेलात आहे याची सूची करून ठेवतं, जाड पुस्तकाच्या शेवटी असते तशी. मग शब्द द्यायचा आणि मेल घ्यायचा. घरच्या मेलांसाठीही ते बसवायचं, हे ती दरवर्षी ठरवायची. दुसऱ्यांच्या सर्व्हरवर धूळ बसू न देणाऱ्या बाईचं स्वतःचं घर असंच असतं.

तिने ते साधन उतरवून घेतलं आणि लॅपटॉपवरच्या काळ्या खिडकीत पहिली आज्ञा टाइप केली. साधनाने एकेक प्रश्न विचारला. नाव काय? पत्ते कुठले? मेल कुठे ठेवलेत? ती उत्तरं देत गेली.

बाबा चष्मा लावून मागे येऊन उभे राहिले. "यात चित्रंबित्रं काही नाहीत?"

"नाहीत, बाबा."

"बटणं?"

"ती पण नाहीत."

"मग चाललंय की बंद पडलंय हे कळणार कसं?"

"चाललंय तोवर ते काही बोलत नाही."

"तुझ्या आईच्या उलट आहे," बाबा म्हणाले आणि आईने ऐकलं की नाही ते वळून पाहिलं. तिने ऐकलं होतं.

सूची तयार व्हायला लागली. डिस्क कुरकुरत राहिली. आईने चहा टाकला, तिघांनी तो प्याला, कप विसळून झाले, तेव्हा कुठे काळ्या खिडकीत शेवटची ओळ आली. बारकीने आईचा पत्ता दिला, पुढे शब्द दिला : इंजेक्शन.

एकच ओळ आली. आईचं नाव, बारकीचं नाव, आणि विषय : पोहोचले.

हे काय भलतंच, असं म्हणत तिने दुसरा शब्द दिला. मनगट. तीच ओळ. डॉक्टर. तीच ओळ. मग तिने नुसतीच गंमत म्हणून 'बटाटे' दिला. पोहोचले.

"सापडलं?" आईने विचारलं.

"सूची बिघडलीय. पुन्हा करावी लागेल."

तिने सूची पुसली आणि पहिल्यापासून सुरू केली. डिस्क पुन्हा कुरकुरायला लागली. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीवरचं ऊन एकेक मजला वर सरकत होतं. बाबा सोफ्यावर जाऊन बसले आणि त्यांनी चौथं नाव सांगितलं. कोणी काही बोललं नाही, तसे तेही गप्प झाले. ते गप्प झाले म्हणजे खरोखर घाबरले होते, हे दोघींना माहीत होतं.

दुसऱ्यांदाही तीच ओळ आली. बारकी खुर्चीत मागे टेकली. कामावर असं झालं असतं तर तिने हाताखालच्या पोराला पहिलं विचारलं असतं : ओळीच्या शेवटी काय लिहिलंय ते वाचलंस का? तिने वाचलं. ओळीच्या शेवटी कंसात एक आकडा होता, आणि तो भलताच मोठा होता.

सूची बिघडली नव्हती. साधन एकेकटा मेल दाखवतच नव्हतं. ते उत्तर आणि उत्तराचं उत्तर एकाच दोऱ्यात ओवायचं आणि दोऱ्याची एक ओळ दाखवायचं. आणि आईने बारकीला त्या पत्त्यावर लिहिलेला प्रत्येक मेल एकाच दोऱ्यात होता.

दोऱ्याच्या पहिल्या टोकाला बारकीचा स्वतःचा मेल होता. ती घर सोडून पहिल्या नोकरीला गेली तेव्हाचा. गाडी वाटेत अडकली होती, फोन लागत नव्हते, आणि दुसऱ्या दिवशी कुठल्याशा दुकानातल्या कॉम्प्युटरवरून तिने तो पाठवला होता. विषय, पोहोचले. आत दोनच वाक्यं. खोली बरी आहे. पंखा आवाज करतो. त्यावर आईचं उत्तर होतं. त्यानंतर आईला जेव्हा जेव्हा काही लिहायचं असे, तेव्हा तिने तोच दोरा उघडून त्याच्याच खाली लिहिलं होतं.

बारकीला हसू आलं. "बाबा, आईला मेल करायला तुम्हीच शिकवलंत ना?"

"मीच."

"फक्त 'उत्तर द्या' हेच बटण शिकवलंत?"

"जे लागतं ते शिकवलं," बाबा म्हणाले.

तिने साधनाला दोरे नकोत, सुटे मेल दाखव, असं सांगितलं आणि पुन्हा 'इंजेक्शन' दिला. आता ओळींची रांगच लागली. बाबांच्या गुडघ्याची इंजेक्शनं, शेजारच्या मांजरीची, मावशीच्या नातवाची. त्या घराने अर्धं आयुष्य टोचून घेण्यात काढलेलं दिसत होतं.

"कुठलं साल होतं, आई?"

"मी निवृत्त झालो ते," बाबा म्हणाले.

"नाही हो, त्याच्या पुष्कळ आधी. हिरवे पडदे लावले होते ना मी, ते लावतानाच तर स्टुलावरून पडले."

बारकीने शब्द दिला : पडदे. दोनच ओळी आल्या. तिने पहिली उघडली.

"पुढच्या खोलीत हिरवे पडदे लावले. झकास दिसतात. डाव्या हाताने लिहितेय, चुका चालवून घे. पडदे लावताना घसरले, मनगट मोडलं होतं, आता बसवलंय. तुझी नोकरीतली परीक्षा होती म्हणून कळवलं नाही. भुलीच्या वेळी एका इंजेक्शनने श्वासाला त्रास झाला, ते पुन्हा कधी घ्यायचं नाही म्हणाले. चिठ्ठी माझ्याकडून हरवणार आणि यांच्या लक्षात भलतंच राहणार, म्हणून नाव तुझ्यापाशी लिहून ठेवते. तुझ्याकडचं हरवत नाही."

खाली ते नाव होतं. लांबलचक, एकेक अक्षर सुटं करून, जपून लिहिलेलं. त्याच्या खाली आणखी एक वाक्य होतं : शेजारच्या मांजरीला पिल्लं झालीत.

दुसरी ओळ बारकीच्या उत्तराची होती. ती उघडायची गरज नव्हती, पण तिने उघडली. "पडदे मस्तच! पिल्लांचे फोटो पाठव ना."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने पटकन खिडकी लहान केली, जणू आईला ते इतक्या लांबून वाचता येणार होतं.

"सापडलं," ती म्हणाली.

भूलतज्ज्ञ बाईंनी फोनवर नाव दोनदा वाचून घेतलं.

"बरं झालं शोधलंत," त्या म्हणाल्या. "एरवी मी सुरुवातीला हेच देते. आता हे सोडून दुसरं देईन. उद्या वेळेवर या."

बारकीने फोन ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. बाबा म्हणाले, मी म्हणत होतो तसलंच काहीतरी नाव आहे. आईने टॉवेल घडी करून बॅगेत ठेवला, आणि या वेळी चेनही लावली.

"आई, तेव्हा मी उत्तर दिलं होतं, पण..."

"दिलं होतंस की. फोटो पाठवले होते मी पिल्लांचे. एक तर अगदी तुझ्यासारखं लांबुडकं होतं."

बारकी तिच्याजवळ जाऊन बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "नवीन मेल कसा सुरू करायचा ते दाखवते तुला. दर वेळी तो जुना उघडून खाली लिहीत बसायला नको."

"येतो की मला."

"काय येतो?"

"नवीन मेल. तुझा पत्ता बदलला तेव्हा त्या जुन्या मेलात नवा पत्ता कोणी घातला? पाणीपुरवठ्याच्या साहेबांना दर महिन्याला कोण लिहितं? विषय घालून लिहिते. पाणी न येणेबाबत."

"तिला सगळं येतं," बाबा म्हणाले. "मलाच येत नाही. माझेही तीच लिहिते."

"मग मला का तसं?"

आईने बॅगेचा पट्टा सरळ केला. "तुला लिहायला घेतलं की वर आधी 'पोहोचले' दिसतं. तेवढं वाचलं की मग खाली काहीही लिहिता येतं." आणि उठून तिने दिवा लावला, कारण खोलीत अंधारून आलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरल्या वेळेला सुरू झालं आणि ठरल्या वेळेला संपलं नाही. बारकी आणि बाबा कॉरिडॉरमधल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून होते. बाबांनी एकही नाव सांगितलं नाही. दार उघडलं तेव्हा भूलतज्ज्ञ बाई टोपी काढत बाहेर आल्या, खडे जरा चिवट होते म्हणाल्या, आणि श्वास उत्तम आहे म्हणाल्या. बाबा उभे राहिले आणि लगेच पुन्हा बसले.

आईला वॉर्डात आणलं तेव्हा ती डोळे उघडून मिटत होती. घसा कोरडा पडला होता, बोलता येत नव्हतं. तिने बोटाने आधी चष्मा मागितला आणि मग फोन.

"आत्ता कशाला फोन?" बाबा म्हणाले. "पाणीपुरवठा कुठे पळून जातोय?"

तिने मान हलवून पुन्हा हात पुढे केला. बारकीने फोन दिला. आई बराच वेळ एका बोटाने काहीतरी दाबत राहिली, मग फोन पोटाशी ठेवून तिने डोळे मिटले.

बारकीचा फोन खिशात थरथरला. तिने काढून पाहिला. विषय तोच होता, पोहोचले. खाली दोनच शब्द होते.

"मी पण."

"कोणाचं काय आलं?" बाबांनी विचारलं.

"आईचा मेल आहे."

"अगं, आई तर इथेच आहे!"

"हो, बाबा," बारकी म्हणाली. "इथेच आहे."