न्हाऊन आलेला ऑर्गन

जुन्या चर्चचं छप्पर कधी डोक्यावर येईल याचा नेम राहिला नाही, तेव्हा तिथला शेकडो नळ्यांचा जुनापुराणा ऑर्गन सुटा करून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या नव्या चर्चमध्ये उभा करायचं ठरलं. तो वाजवणाऱ्या बाईंच्या जिवाची नुसती घालमेल चालली होती. सासरच्या माणसांपेक्षा त्यांना ऑर्गनचे रुसवेफुगवे जास्त ठाऊक होते. तो बांधणारा मिस्त्री मात्र निवांत होता. दर नळीवर खडूने खूण करायची, तिला जुन्या रजईत गुंडाळायचं आणि न्यायचं, एवढंच काम, असं तो म्हणे.

नळ्या सुखरूप पोचल्या. मग बाई आणि मिस्त्री ऑर्गनचा भाता आणायला जुन्या चर्चकडे गेले आणि राखणीला बाईंची नणंद मागे राहिली. नणंदेला रिकामं बसवत नसे आणि धूळ बघवत नसे. दोघं परत आले तेव्हा लहानसहान सगळ्या नळ्या धुऊनपुसून, उंचीप्रमाणे भिंतीशी उभ्या होत्या. अशा लखलखत होत्या की त्यांत तोंड पाहून घ्यावं.

"काय थर बसला होता, वहिनी," नणंद हात पुसत म्हणाली. "वर कुणीतरी खडूने रेघोट्या मारून ठेवलेल्या."

बाई मटकन बाकावर बसल्या. मिस्त्रीने कपाळाला हात लावला आणि तसाच हात लावलेला असताना तो हसू लागला. हसता हसता त्याने नणंदेला समजावलं की एका उंचीच्या दोन नळ्यांचा आवाज एकसारखा असेलच असं नाही. एखादी जाड, एखादी बारीक, एखादीचं तोंड बंद. कोण कुठली, हे आता त्यांनाच विचारायला हवं. म्हणजे एकेक फुंकून बघायची.

पण दोघांनी फुंकायचं तर चक्कर येऊन पडायचे. नणंदेला आपली चूक कळली आणि ती तडक रस्त्यावर गेली. येताना तिने पिठाच्या हातांनिशी बेकरीवाल्याला आणलं, पोस्टमनला आणलं, निवृत्त मुख्याध्यापिकेला आणलं, आणि दातांच्या डॉक्टरलाही. डॉक्टरच्या मागोमाग गळ्यातला रुमाल न सोडता त्याचा पेशंटही आला.

मग जो काही गदारोळ उठला, तो विचारू नका. कुणी घुबडासारखं घुमतंय, कुणी चहाच्या किटलीसारखं शिट्टी मारतंय. बाई डोळे मिटून ऐकत आणि बोटाच्या खुणेने माणसं सुरांच्या क्रमाने रांगेत हलवत. शिस्तीच्या मुख्याध्यापिकेला सगळ्यांत किरटा सूर मिळाला, म्हणून त्या पार टोकाला गेल्या. पेशंटचं अर्धं तोंड बधिर, त्यामुळे त्याची नळी नुसती फुसफुसत होती. त्याच्याकडे पाहून बेकरीवाल्याला हसू फुटलं, आणि एकदा हसू फुटल्यावर फुंकता येतं होय? सगळी रांगच ढेपाळली.

नणंदेची नळी काही केल्या बोलेना. ती लालबुंद होईस्तोवर फुंकत राहिली, तेव्हा नळीतून साबणाचा एक भलाथोरला फुगा निघाला, डुलत डुलत वर गेला आणि डॉक्टरच्या नाकावर फुटला. बाईंना इतकं हसू आलं की त्यांना खांबाला धरावं लागलं.

नंतर रांग लागल्यावर बाईंना काय सुचलं कोण जाणे. त्यांनी आधी पोस्टमनकडे बोट केलं, मग बेकरीवाल्याकडे, मग नणंदेकडे. ज्याच्याकडे बोट वळेल त्याने फुंकायचं. अडखळत का होईना, त्या माणसांतून चक्क एक चाल निघाली.

त्यानंतर मिस्त्रीने खुणा केल्या, यावेळी टोकदार खिळ्याने. उरलेल्या नळ्यांसाठी ही मंडळी रोज काम आटोपून आपणहून येऊ लागली. पेशंट तर दात दुखायचा थांबला तरी यायचा.

ऑर्गन उभा राहिला. पहिल्या प्रार्थनेला चर्च गच्च भरलं होतं. बाईंनी पट्ट्यांवर बोटं ठेवली, भात्याने श्वास घेतला, आणि तो म्हातारा ऑर्गन असा दणक्यात गाऊ लागला की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून नणंदेचा आवाज आला. बिचारी कुजबुजतच होती, पण तिचं कुजबुजणं म्हणजे दुसऱ्याचं बोलणं.

"हा माझा. ऐकलंत ना? हा माझा होता."

लगेच पोस्टमनने शेजाऱ्याला कोपराने ढोसलं. डॉक्टर मागे वळून पेशंटला खुणावू लागला. बाईंची पाठ लोकांकडे असली तरी ऑर्गनवरच्या छोट्या आरशात त्यांना हे सगळं दिसत होतं. हसू दाबता दाबता त्यांचं बोट घसरलं, एक भलताच किरटा सूर निघाला, आणि मुख्याध्यापिका ताठ बसून अभिमानाने म्हणाल्या, "हा मात्र माझा."