घरगुती कारण

वाङ्मयाच्या वर्गात दर आठवड्याला एक पुस्तक वाचायचं आणि ते वाचून मनात काय आलं ते वहीत लिहायचं, असा बाईंचा नेम होता. घरात जिला सगळे कौतुकाने ‘पंडितबाई’ म्हणत, तिची वही वर्गात सगळ्यांत भरगच्च असायची. पंडितबाई पुस्तकाची पहिली दहा आणि शेवटची पाच पानं वाचायची. मधलं सगळं तिची वहिनी वाचायची.

त्या सकाळीही वहिनी मटार सोलत होती. पुस्तक साखरेच्या डब्याला टेकवलेलं, बोटं ओली म्हणून पान कोपराने उलटायचं.

“वहिनी, सांग ना पटकन. दीपगृहाबद्दल काय लिहू?”

“सगळे त्या रखवालदाराचं कौतुक करतात,” वहिनी म्हणाली. “वादळात त्याने दिवा विझू दिला नाही म्हणून. पण दिव्याची काच रोज पुसते त्याची बायको. तिला अख्ख्या पुस्तकात नाव नाही गं. मी तीनदा शोधलं.”

“मस्त! थांब, लिहू दे.” पंडितबाईने ‘मी तीनदा शोधलं’ हेसुद्धा जसंच्या तसं उतरवून घेतलं.

वहिनी थोडी घुटमळली. “परीक्षेचा फॉर्म आणलाय मी. उद्या शेवटची तारीख आहे. आज आईंशी बोलशील?”

“बोलते की!” पंडितबाई चपला पायात सरकवत म्हणाली. हे ‘बोलते की’ गेली तीन वर्षं चाललं होतं.

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना वहिनीचं लग्न ठरलं, तेव्हा तिच्या वडिलांनी एवढंच विचारलं होतं, पोरीचं शिक्षण पुरं होईल ना? मोठी माणसं काही बोलायच्या आत सतरा वर्षांच्या पंडितबाईने नव्या वहिनीचा हात धरला होता. “आम्ही दोघी मिळून अभ्यास करू!” सगळे हसले आणि बोलणी तिथेच पक्की झाली. मग पहिल्या वर्षी दादाची बदली झाली, दुसऱ्या वर्षी आईचे गुडघे धरले, तिसऱ्या वर्षी पंडितबाईची परीक्षा आली. नाही असं कुणीच कधी म्हणालं नव्हतं.

वर्गात बाईंनी पंडितबाईचं टिपण मोठ्याने वाचून दाखवलं. “ही बायको पुस्तकात एकदाच बोलते,” बाई म्हणाल्या. “काय म्हणते गं ती?”

पंडितबाई पुस्तकाची पानं भराभर चाळू लागली.

“तीनदा शोधलंस ना?”

मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. तास संपल्यावर बाईंनी वही परत दिली. त्या रागावल्या असत्या तरी चाललं असतं. “जिची आहे तिला दे,” एवढंच म्हणाल्या.

ती बसथांब्यावरच्या बाकावर बसली. चार बस गेल्या, तोवर पुस्तकाची मधली पानं वाचत राहिली. एका पानावर मात्र ओल्या अंगठ्याचा डाग होता. तिथे रखवालदाराची बायको एका खलाशाला म्हणत होती, ‘एकदा मला हा दिवा लांबून, बोटीतून पाहायचाय.’ पंडितबाईला स्वतःची इतकी लाज वाटली, की पाचवी बसही तिने सोडली.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. वहिनीने वाढता वाढता स्वतःच विषय काढला.

“यंदा राहू दे बाई,” आई म्हणाली. “पंडितबाईचं शेवटचं वर्ष. एकदा ती सुटली की बघू.”

बाबांनी मान डोलावली. दादा ताटात बघत बायकोला म्हणाला, “तूच ठरव.” वहिनीने नणंदेकडे पाहिलं.

“माझं निमित्त पुरे आता,” पंडितबाई म्हणाली. “माझी वही वहिनी लिहिते, आई. आज वर्गात माझं पितळ उघडं पडलं. शिकवायचा शब्द मीच दिला होता आणि तिला शिकू न देता तिच्याच जिवावर मी पास होतेय.”

“अगं, पण घरातलं कोण करणार?”

“सकाळचं मी. संध्याकाळचं दादा.”

“मला चहासुद्धा येत नाही!” दादा दचकला.

“मग चहापासून सुरू कर.”

बाबांना ठसका लागला. वहिनी आता आपल्याला जवळ घेईल, असं पंडितबाईला वाटलं. वहिनीने डाव खाली ठेवला.

“तीन वर्षं लागली तुला,” ती म्हणाली, हात पुसून फॉर्म घेऊन आली आणि तिथेच, खरकट्या ताटांच्या बाजूला, भरायला बसली. ताटं पंडितबाईने उचलली.

एका रकान्यापाशी वहिनी थांबली. ‘शिक्षणात खंड पडला असल्यास कारण.’

“काय लिहू?”

“घरगुती कारण लिही,” आई चटकन म्हणाली. “सगळे तेच लिहितात.”

वहिनीने तेच लिहिलं. पंडितबाई हातात ताटं घेऊन तिच्या खांद्यावरून बघत होती. रकाना बोटभर रुंदीचा होता. आई, बाबा, दादा आणि ती स्वतः असे सगळे त्यात आरामात मावले, आणि नाव एकाचंही लिहावं लागलं नाही.