बघायचं नाही

विलासने टेबलावर सांडलेली लस्सी रुमालाने पुसली, बोट फिरवून जागा कोरडी झाल्याची खात्री केली आणि मगच कागद उलगडून अश्लेषासमोर ठेवले. सही करायची तिथे त्याने घरूनच पेन्सिलीने बारीक फुल्या मारून आणल्या होत्या.

"इथे, इथे आणि मागच्या पानावर," तो म्हणाला. "घाई नाही. नीट वाचून घे."

ती वाचू लागली. राजा पार्क वस्तीतल्या त्या दुकानात दुपारी तीन वाजताही कचोरीसाठी झुंबड होती आणि प्रत्येक येणारा-जाणारा विलासच्या खुर्चीला धक्का देत होता. त्याला त्याचं काही नव्हतं. ती खाली बघतेय तोवर तिच्याकडे बघून घ्यायचं होतं. सात वर्षांनी बघत होता. केस खांद्यापर्यंत कापलेले, चष्मा लागलेला. रेल्वे कॉलनीतल्या झोपाळ्यावरून पडली होती तेव्हाचा भुवईवरचा व्रण त्याने शोधला. तो जागेवर होता. विलासला उगाचच बरं वाटलं.

"तुम्ही काही घेणार?" तिने मान वर न करता विचारलं.

"चहा," तो म्हणाला, आणि मग ते 'तुम्ही' त्याला लागलं. लहानपणी ती त्याला 'तू' म्हणायची. कॉलनीतली हिंदी पोरं हसायची, बापाला कुणी 'तू' म्हणतं का म्हणून. ती ठसक्यात सांगायची, आमच्यात म्हणतात.

भेटीचं कारण साधं होतं. अश्लेषा सहा वर्षांची असताना विलासने तिच्या नावाने छोट्या कंपन्यांच्या म्युच्युअल फंडात दरमहा पैसे टाकायला सुरुवात केली होती. पालक म्हणून सही त्याची. गेल्या महिन्यात तिला अठरा वर्षं पूर्ण झाली आणि फंडाने हप्ता आपोआप थांबवला. खातेदार सज्ञान झाली आहे, यापुढे तिची सही लागेल, असा मेसेज आला. मुलीला भेटायला बापाला सात वर्षांत निमित्त सापडलं नव्हतं, ते त्या मेसेजने मिळवून दिलं. त्याने अनुयाला, म्हणजे घटस्फोट झालेल्या बायकोला, फोन केला. ती म्हणाली, तिला विचारते. दुसऱ्या दिवशी दुकानाचं नाव आणि वेळ कळवली, बाकी एक शब्द नाही.

"मोबाइल नंबर माझा लिहू?"

"आता तुझाच लागतो."

तिने दहा आकडे चौकटीत भरले. म्हणजे आता दर सात तारखेला सकाळी 'प्रिय अश्लेषा' अशी सुरुवात असलेला मेसेज त्याच्या फोनवर येणार नव्हता. आजवरचे सगळे त्याने ठेवले होते. फोन बदलला तेव्हा दुकानदाराच्या मागे लागून नव्या फोनवर उतरवून घेतले होते. हे तिला सांगावं असं त्याला फार वाटलं, पण तो चहा ढवळत बसला.

"सही झाली की पैसे काढता येतात ना?"

"येतात. पण आत्ता काढू नकोस." विलास खुर्ची पुढे ओढून बसला. ह्या विषयावर त्याला बोलता येत होतं. "मंदी आहे ना. छोट्या कंपन्यांना पहिला फटका बसतो. वर्षभरात पुष्कळ उतरलंय. आत्ता काढलेस तर नुकसान होईल. थांबलीस तर सगळं भरून येईल."

"किती थांबायचं?"

"पाच-सात वर्षं. ह्या कंपन्यांना मोठं व्हायला वेळ लागतो."

"मला पंधरा तारखेला फी भरायचीय." मराठी शब्द शोधत ती सावकाश बोलत होती. "आईच्या हॉस्पिटलमध्ये, मतलब, पगार अर्धा देतात आता. चार महिने झाले."

"मला सांगायचं ना."

ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली. बाजूच्या टेबलावर कुणीतरी भैयाला चटणी मागत होतं.

सगळे पैसे निघाले की फंड संपणार, फंड संपला की हिला भेटायला दुसरं काही उरत नाही, हे विलासला दिसत होतं. तो गडबडीने बोलू लागला.

"बारा वर्षांत एक हप्ता चुकवला नाही मी. कोविडात लोक पैसे काढून पळत होते, तेव्हाही नाही. श्यामकांतकाका आठवतात तुला? टीसी होते ते? आता फंडाचं काम करतात. त्यांनी एकच नियम सांगितला होता मला. पैसे टाकायचे आणि बघायचं नाही. पडलेलं दिसलं की माणूस घाबरतो, नको ते करून बसतो. म्हणून पडलेलं असताना तर मुळीच बघायचं नाही. आपलं आपण सावरतं. मी खरंच कधी बघितलं नाही."

बोलून झाल्यावर त्याला आपलेच शब्द ऐकू आले.

कोर्टाने महिन्यातले दोन रविवार दिले होते. पहिल्या रविवारी ती खूप बोलली. दुसऱ्या रविवारी आईकडे परत जाताना स्कूटरवर मागे बसून रडली. तिसऱ्या वेळी खाली आली ती सुजल्या डोळ्यांनी, आणि दोन तास त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. विलास हादरला. आपण गेलो की पोर कोलमडते, थोडे दिवस राहू द्यावं, आपलं आपण सावरेल, असं त्याने ठरवलं. तो भित्रा होता आणि त्याला भित्र्या माणसाला आवडेल असाच नियम मिळाला होता. थोड्या दिवसांचं वर्ष झालं. मग तर जायला तोंडच राहिलं नाही. सात तारखेला खात्यातून हप्ता गेला की ह्या महिन्याचं बापपण झालं असं त्याला मनापासून वाटे. रेल्वे कॉलनीतून राजा पार्कातलं मायलेकींचं घर स्कूटरने वीस मिनिटांवर होतं.

"बाबा," अश्लेषा म्हणाली. आज पहिल्यांदाच. "मी गॅलरीत उभी राहायची. दर रविवारी, मतलब, तुझा नसायचा तो रविवारसुद्धा. आई ओरडायची, ऊन लागेल." तिने पेनाचं टोपण घट्ट बसवलं, काढलं, पुन्हा बसवलं. "पडलेलं होतं तर पडलेलं. तू एकदा बघायला यायचंस ना."

ज्या 'तू'साठी विलास सकाळपासून आतल्या आत जीव टाकत होता ते मिळालं होतं, आणि ते घेऊन कुठे जावं हे त्याला कळेना. "चुकलं माझं," एवढंच तो म्हणाला. ते त्याला स्वतःलाही नीट ऐकू आलं नाही.

"सॉरी," ती म्हणाली आणि कागदांवर वाकली. फुली होती तिथे तिथे तिने सही केली, भराभर, सवयीची. विलास ती सही आयुष्यात पहिल्यांदा बघत होता. "आणि हे काय आहे?"

शेवटचा कागद स्टॅम्पपेपर होता. फंडात नाव होतं अश्लेषा विलास बऱ्हाटे, तिच्या पॅन कार्डावर नुसतंच अश्लेषा बऱ्हाटे.

"इथे मिडल नेम कुणाचंच नसतं," ती ओशाळून म्हणाली. "नव्या शाळेच्या फॉर्ममध्ये रकानाच नव्हता. मुद्दाम नाही काढलं."

"असू दे गं."

दोन्ही नावांची मुलगी एकच आहे, असं वडिलांनी लिहून द्यायचं होतं. श्यामकांतने मजकूर हिंदीत टाइप करून दिला होता आणि शेवटच्या ओळीत एक जागा मोकळी सोडली होती. 'मैं इन्हें ...... वर्षों से व्यक्तिगत रूप से जानता हूँ.' बापाला भरायला काय अवघड, असं त्याला वाटलं असेल.

विलासने खाली सही केली, तारीख घातली आणि मोकळ्या जागेवर येऊन थांबला. काळ्या शाईचं पेन कागदावर तसंच टेकून राहिलं, तिथे ठिपका उमटला. मग त्याने लिहिलं, ११.

समोरून अश्लेषाने ते उलटं वाचलं. तिने चष्मा काढला, ओढणीने बराच वेळ पुसला आणि परत घातला.

"रिजेक्ट होईल, बाबा," ती हळूच म्हणाली. "अठरा लिहा."

विलासने अकरावर आडवी रेघ मारली आणि वर अठरा लिहिलं.

"खाडाखोड केली की बाजूला सही लागते," तो म्हणाला, आणि त्याने बाजूला सही केली.

तिने कागद लगेच घडी करायला घेतला, पण शाई ओली होती. ती वाळेपर्यंत दोघंही त्या खोडलेल्या अकराकडे बघत बसले.